मिलिशियाचा जुना कायदा आणि अमेरिकेंतील बंदूक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसनें केलेला एक कायदा ८ मे १७९२ रोजीं अमलांत आला. १८ वर्षांचा झालेला व ४५ वर्षांच्या आंतील प्रत्येक स्वतंत्र, धडधाकट, गोरा पुरुष नागरिक आपल्या वस्तीच्या कॅप्टनाच्या पटावर नोंदला जावा, आणि त्यानें सहा महिन्यांच्या आंत स्वतःच्या खर्चानें एक चांगली चकमकीची बंदूक, संगीन, कमरपट्टा, दोन जादा गारा, पाठीवरची पिशवी व निदान २४ काडतुसांची भरलेली पेटी इतकें साहित्य जमवावें, अशी त्यांत आज्ञा होती. ज्याच्यापाशीं रायफल असेल त्यास काडतुसांऐवजी २० गोळ्या, पाव पौंड दारू आणि ती ठेवावयास शिंग एवढ्यावर सूट होती. हा कायदा १९०३ सालीं रद्द झाला. त्यांतील बंदूक आतां वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळते. असें असतां २०२४ व २०२५ सालीं अमेरिकेंतील वरिष्ठ न्यायालयें हाच कायदा पुढें घेऊन बसलीं होतीं, आणि त्यांच्यापुढील प्रश्न मात्र अगदी आजचा होता: १८ ते २० वर्षांच्या तरुणास दुकानांतून पिस्तूल विकत घेण्याची मनाई सरकारास करतां येईल कीं नाहीं? सव्वाशें वर्षांपूर्वीं मेलेल्या कायद्याचा शब्द जिवंत माणसांच्या जिवाशीं येऊन कसा भिडला, त्याची हकीकत मनोरंजक आहे. आणि आमच्या मतें ती तितकीच चिंताजनकहि आहे.

मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. गांवचा शेतकरी, सुतार, दुकानदार हाच प्रसंगीं शिपाई; नेमल्या दिवशीं त्यानें आपली बंदूक घेऊन मैदानावर हजिरी द्यावी, कवाईत करावी आणि संध्याकाळीं घरीं जावें, अशी ती व्यवस्था. आपल्याकडचा शिलेदार स्वतःचें घोडें व हत्यार घेऊन येई, तेवढ्यापुरतें येथें साम्य आहे. पण शिलेदार पगारासाठीं येई. मिलिशियाचा मनुष्य कायद्याच्या सक्तीनें येई, आणि आला नाहीं तर दंड भरी.

या सक्तीचें मूळ इंग्लंडांत आहे. दुसऱ्या हेन्री राजानें ११८१ सालीं प्रत्येक स्वतंत्र पुरुषानें आपल्या ऐपतीप्रमाणें शस्त्रें बाळगावीं असा हुकूम काढला. पहिल्या एडवर्डच्या १२८५ च्या विंचेस्टर येथील कायद्यानें १५ ते ६० वर्षांच्या पुरुषांवर तीच जबाबदारी टाकून वर्षांतून दोन वेळां त्या शस्त्रांची पाहणी करण्याचें ठरविलें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, म्हणजे १३२८ सालीं, नॉर्दॅम्प्टन येथें दुसरा एक कायदा झाला. त्यानें जत्रेंत, बाजारांत किंवा न्यायाधिकाऱ्यांपुढें शस्त्र घेऊन येण्यास मनाई केली. घरांत हत्यार ठेव अशी आज्ञा आणि तेंच घेऊन बाजारांत हिंडूं नको अशी मनाई, या दोन्ही गोष्टी एकाच राजसत्तेच्या तोंडून निघाल्या, हें येथें लक्षांत ठेवावें. पुढें १६६२ च्या मिलिशियाच्या कायद्यानें राजाच्या अधिकाऱ्यांस राज्याला धोकादायक वाटणाऱ्या माणसांचीं घरें धुंडाळून शस्त्रें जप्त करण्याचा अधिकार दिला. त्या अधिकाराचा जाच झाल्यावर १६८९ च्या हक्कांच्या कायद्यांत शस्त्रें बाळगण्याचें कलम आलें. पण तें प्रॉटेस्टंट पंथाच्या प्रजेपुरतें, ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणें, आणि कायद्यानें परवानगी असेल तेवढेंच.

अटलांटिक ओलांडून गेलेल्या वसाहतवाल्यांनीं ही सर्व परंपरा बरोबर नेली, आणि तिच्या जोडीला खड्या फौजेचें भय नेलें. पगारी फौज राजाची असते आणि नागरिकांची सेना नागरिकांची असते, हा त्यांचा सिद्धांत. १९ एप्रिल १७७५ रोजीं इंग्रज पलटण काँकॉर्ड गांवीं वसाहतवाल्यांचा दारूगोळा हस्तगत करण्यास निघाली आणि लेक्सिंग्टनच्या गवतावर पहिली गोळी सुटली. तेव्हां या सिद्धांतास रक्ताचा शिक्का बसला. पुढें १७८७ ची घटना झाली. तिनें मिलिशियाची रचना करण्याचा, तिला शस्त्रसज्ज करण्याचा व शिस्त लावण्याचा अधिकार मध्यवर्ती काँग्रेसला दिला. हें पाहून पुष्कळांच्या मनांत शंका उत्पन्न झाली कीं, ज्याच्या हातीं मिलिशिया घडविण्याचा अधिकार त्याच्याच हातीं ती निःशस्त्र करून मोडण्याचाहि अधिकार. त्या शंकेचें समाधान म्हणून १५ डिसेंबर १७९१ रोजीं दुसरी घटनादुरुस्ती अमलांत आली. तिच्या एकाच वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग सांगतो कीं, स्वतंत्र राज्याच्या रक्षणास सुनियंत्रित मिलिशिया अवश्य आहे. दुसरा सांगतो कीं, शस्त्रें बाळगण्याचा व धारण करण्याचा लोकांचा हक्क मोडला जाऊं नये. या दोन भागांचा परस्परांशीं संबंध काय, यावर दोनशेंहून अधिक वर्षें वाद चालला आहे.

दुरुस्ती होऊन पांच महिनेहि झाले नाहींत तोंच १७९२ चा कायदा आला. त्याला तातडीचें कारण होतें. नोव्हेंबर १७९१ मध्यें ओहायो नदीच्या वायव्येकडील मुलुखांत सेंट क्लेअर या सेनापतीच्या फौजेचा मूलनिवासी जमातींनीं फडशा पाडला; सहाशेंहून अधिक शिपाई एका सकाळींत पडले. म्हणून काँग्रेसनें घाईघाईनें नागरिकसेनेची घडी बसविली. तो कायदा आज वाचतांना त्यांत हक्क हा शब्द शोधावा लागतो आणि तो सांपडत नाहीं. सांपडतात ते हुकूम. बंदुकीच्या नळीचें माप पांच वर्षांनंतर सर्वत्र एकच, म्हणजे पौंडास अठरा गोळ्या होतील असें असावें. ब्रिगेडच्या तपासनिसानें हजिरीच्या वेळीं शस्त्रें व साहित्य तपासून त्यांचा अहवाल दरसाल राज्याच्या अधिकाऱ्याकडे पाठवावा. १८०३ पासून असे अहवाल राष्ट्राध्यक्षापर्यंत जाऊं लागले. कोणाच्या घरीं काय आहे, तें चालतें कीं नाहीं, दारू कोरडी आहे कीं ओली, हें सरकार पाहणार आणि लिहून ठेवणार. आज अमेरिकेंत बंदुकांची सरकारी नोंदवही हा शब्द उच्चारतांच कित्येकांचा संताप होतो. त्यांच्या पणज्यांच्या पणज्यांनीं ती नोंद मुकाट्यानें करून दिली होती. त्याबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्या कायद्यानें मिलिशियाच्या माणसाची बंदूक कर्जापायीं किंवा करापायीं जप्त करण्यास बंदी केली होती. आपल्याकडे शेतकऱ्याचा नांगर सावकाराच्या जप्तींतून वगळतात, त्यासारखेंच हें झालें. बंदूक त्याच्या मालकीची खरी, पण ती सार्वजनिक कामाची वस्तु म्हणून कायद्याचें तिला संरक्षण.

व्यवहारांत या व्यवस्थेची लौकरच दैना उडाली. १७९४ सालीं पेनसिल्व्हेनियांतील दारूवरील कराविरुद्धचें बंड मोडण्यास वॉशिंग्टननें सुमारें १३,००० मिलिशिया जमविली, हा तिचा वैभवाचा क्षण. परंतु केंद्रीय कायद्यांत बंदूक न आणणाऱ्यास शिक्षाच नव्हती. दंड बसवावयाचा तो राज्यांनीं. गरिबास बंदूक परवडेना, श्रीमंतास वेळ नसे. १८०८ पासून काँग्रेसला मिलिशियाच्या शस्त्रांसाठीं दरसाल २ लक्ष डॉलर स्वतःच द्यावे लागले. २४ ऑगस्ट १८१४ रोजीं ब्लेडन्सबर्ग येथें इंग्रजांपुढें मिलिशियानें पळ काढला आणि त्याच दिवशीं राजधानींतील सरकारी इमारती जाळल्या गेल्या. हजिरीचे दिवस पुढें जत्रेचे व पिण्याचे दिवस झाले. न्यायमूर्ति जोसेफ स्टोरी यांनीं १८३३ सालच्या आपल्या घटनेवरील भाष्यांत नागरिक या कर्तव्याविषयीं उदासीन होत चालले आहेत अशी खंत व्यक्त केली. मॅसॅच्युसेट्स राज्यानें १८४० सालीं शांततेच्या काळांतील सक्तीची कवाईत सोडून दिली. शेवटीं ओहायोचे प्रतिनिधि चार्ल्स डिक यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या १९०३ च्या कायद्यानें जुनी व्यवस्था कागदावरूनहि गेली. कवाईत करणारी ती नॅशनल गार्ड. आणि उरलेले धडधाकट पुरुष नांवापुरती असंघटित मिलिशिया. ही दुसरी व्याख्या आजहि अमेरिकेच्या कायद्यांत आहे. १७ ते ४५ वर्षांचे कोट्यवधि पुरुष मिलिशियाचे घटक आहेत आणि त्यांपैकीं बहुतेकांस त्याचा पत्ताहि नाहीं.

मधल्या काळांत न्यायालयांपुढें हा प्रश्न क्वचित् आला. १८७९ च्या डिसेंबरांत शिकागोंत हर्मन प्रेसर नांवाचे गृहस्थ घोड्यावर बसून, हातीं तलवार घेऊन, जर्मन कामकऱ्यांच्या एका संघटनेच्या सुमारें ४०० बंदूकधाऱ्यांपुढें रस्त्यानें निघाले. त्यांस १० डॉलर दंड झाला. १८८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. सरकारच्या परवानगीवांचून पलटण काढणें म्हणजे मिलिशिया नव्हे, असा त्याचा आशय. आज स्वतःस मिलिशिया म्हणवून रानांत कवाईत करणाऱ्या टोळ्यांनीं हा निकाल एकदां वाचावा. दुसरें प्रकरण १९३९ चें. १९३४ च्या कायद्यानें नळी कापलेल्या आंखूड बंदुकांवर जबर कर व नोंदणी लादली होती. त्याविरुद्ध मिलर नांवाच्या आरोपीच्या खटल्यांत न्यायालयानें विचारलें कीं, असल्या बंदुकीचा सुनियंत्रित मिलिशियाशीं संबंध काय? तसा पुरावा पुढें नसल्यामुळें कायदा टिकला. मौज अशी कीं, पुरावा देणार तरी कोण? प्रतिपक्षातर्फे न्यायालयांत कोणीच उभें राहिलें नव्हतें, आणि निकाल लागण्यापूर्वींच मिलर स्वतः गोळ्या लागून मेला होता. त्या निकालपत्रांत मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क व व्हर्जिनिया यांचे १७८० नंतरचे मिलिशियाचे कायदे उतरून दिलेले आहेत. पुढील जवळजवळ ७० वर्षें खालच्या न्यायालयांनीं याच निकालावरून असें मानलें कीं, दुरुस्तीचा हक्क मिलिशियाशीं जोडलेला आहे आणि मिलिशिया गेली तेव्हां त्या हक्काचें व्यावहारिक महत्त्वहि गेलें.

२००८ सालीं ही समजूत उलटली. राजधानीच्या वॉशिंग्टन शहरांत १९७६ पासून पिस्तुलांस बंदी होती. हेलर खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती रद्द केली. न्यायमूर्ति स्कॅलिया यांचें म्हणणें असें कीं, मिलिशियाचा उल्लेख ही केवळ प्रस्तावना. हक्क आहे तो व्यक्तीचा, स्वतःच्या रक्षणाचा. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं विरोधी मत दिलें. त्यांच्या दृष्टीनें वाक्याचा अर्धा भाग असा बाजूस ठेवतां येत नाहीं. याच खटल्यांत बोस्टनचा १७८३ चा एक कायदा पुढें आला होता. भरलेली बंदूक राहत्या घरांत नेण्यास त्यानें मनाई केली होती. तो आगीच्या भयानें केलेला कायदा, म्हणून बहुमतानें तो दूर सारला. शब्दार्थाच्या बाजूनें स्कॅलियांचें विवेचन दुर्बल आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु इतिहास म्हणून पाहतां त्यांत एक तोडफोड झाली आहे. जुन्या व्यवस्थेंत बंदूक बाळगण्याचा हक्क, ती आणून दाखविण्याचें कर्तव्य आणि ती तपासण्याचा सरकारचा अधिकार या तीन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या होत्या. त्यांतील एकच धागा ओढून काढला, तर हातीं येतें तें १७९१ चें वस्त्र खास नव्हे.

हा हक्क आणि कर्तव्य यांचा झगडा आपल्या घटनासमितींतहि झाला होता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें येथील प्रजेस परवान्याच्या बेडींत घालून युरोपीय लोकांस मोकळें ठेवलें होतें. तो अपमान मनांत ठेवून काँग्रेसनें १९३१ च्या कराचीच्या ठरावांत नियमांच्या अधीन राहून शस्त्रें बाळगण्याचा हक्क मागितला होता. डिसेंबर १९४८ मध्यें हरि विष्णु कामत यांनीं तो मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. कोणीहि उठावें आणि बाजारांतून हवें तें हत्यार आणावें, असें झाल्यास राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा प्रश्न होता. आणि आग्रह धरावयाचाच तर नागरिकाच्या हक्काचा न धरतां संकटकाळीं राज्यासाठीं शस्त्र धरण्याच्या त्याच्या कर्तव्याचा धरावा, असें त्यांनीं सांगितलें. सार्वजनिक कार्यासाठीं सक्तीची सेवा घेण्याची मुभा देणारें जें उपकलम आज आपल्या घटनेच्या २३ व्या कलमांत आहे, त्याकडे त्यांनीं बोट दाखविलें. सूचना फेटाळली गेली. १७९२ च्या कायद्याचा गाभा यापेक्षां थोडक्यांत क्वचितच कोणी सांगितला असेल. आणि तो सांगतांना आंबेडकरांनीं अमेरिकन पुढाऱ्यांची उलट वाट धरली. कर्तव्य ठेवलें, हक्क वगळला.

असो. हेलर निकालानंतरचें मोठें वळण २३ जून २०२२ चें. न्यूयॉर्क राज्यांत घराबाहेर पिस्तूल नेण्यास विशेष कारण दाखवावें लागे, असा शंभराहून अधिक वर्षांचा नियम होता. ब्रूएन खटल्यांत तो गेला. आणि न्यायमूर्ति थॉमस यांनीं बहुमताच्या वतीनें नवी कसोटी घालून दिली. एखादा निर्बंध लोकहिताचा आहे, त्यानें इतके जीव वाचतात, असें म्हणून भागणार नाहीं. राष्ट्राच्या जुन्या शस्त्रनियमनाच्या परंपरेशीं तो जुळतो हें सरकारनें इतिहासानें सिद्ध केलें पाहिजे. त्या दिवसापासून अमेरिकेंतील सरकारी वकील दप्तरखान्यांत शिरले. नॉर्दॅम्प्टनचा १३२८ चा कायदा, वसाहतींचे दारूसांठ्याचे नियम, मिलिशियाचे पट, सारें बाहेर आलें. इतिहासाच्या अभ्यासकास याचा आनंद व्हावा. पण आम्हांस तो होत नाहीं. इतिहासकाराचा पुरावा सावकाश पारखावा लागतो आणि त्यांत चुकाहि होतात. मायकेल बेलीसाइल्स यांच्या २००० सालच्या ‘आर्मिंग अमेरिका’ या ग्रंथास बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळालें होतें. जुन्या अमेरिकेंत बंदुका फार थोड्या होत्या असा त्यांचा दावा. मृतांच्या मालमत्तेच्या याद्यांचा त्यांनीं केलेला उपयोग इतर अभ्यासकांनीं तपासला, त्यांत गंभीर दोष निघाले, आणि २००२ सालीं पारितोषिक काढून घेण्यांत आलें. विद्वानांच्या सभेंत अशी चूक एका ग्रंथापुरती राहते. न्यायालयांत ती देशाचा कायदा बनून बसेल.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. १९६८ च्या केंद्रीय कायद्यानें परवानाधारक दुकानदारानें २१ वर्षांखालील व्यक्तीस पिस्तूल विकूं नये असें ठरविलें आहे. फ्लॉरिडांत १४ फेब्रुवारी २०१८ रोजीं पार्कलंडच्या शाळेंत १९ वर्षांच्या तरुणानें १७ जणांस ठार मारलें, त्यानंतर त्या राज्यानें सर्वच बंदुकांच्या खरेदीस २१ वर्षांची मर्यादा घातली. या नियमांविरुद्ध तरुणांचा युक्तिवाद साधा होता: १७९२ चा कायदा १८ वर्षांच्या मुलास बंदूक घेऊन ये असा हुकूम करतो, मग त्याच वयाच्या मुलास ती विकत घेण्याचा हक्क नाहीं हें कसें? पांचव्या विभागाच्या अपील न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें हें म्हणणें मान्य करून केंद्रीय बंदी घटनाबाह्य ठरविली. पेनसिल्व्हेनियाच्या एका निर्बंधाविषयीं तिसऱ्या विभागानें याच धर्तीवर निकाल दिला होता. परंतु मार्च २०२५ मध्यें अकराव्या विभागानें फ्लॉरिडाचा कायदा उचलून धरला, आणि जूनमध्यें चौथ्या विभागानें केंद्रीय कायदाहि. त्यांनीं तेंच दप्तर उलट बाजूनें वाचलें. त्या काळीं सज्ञान होण्याचें वय २१ होतें. त्याखालील मुलास बंधनकारक करार करतां येत नसे, त्याची कमाई बापाची, आणि म्हणून कित्येक राज्यांच्या मिलिशियाच्या कायद्यांत मुलासाठीं बंदूक पुरविण्याची व त्याचा दंड भरण्याची जबाबदारी बापावर टाकलेली होती.

आमच्या मतें इतिहास म्हणून दुसरें वाचन अधिक भरीव आहे. अठरा वर्षांचा तो मुलगा हजिरीस बंदूक घेऊन उभा असे खरा; पण ती आणलेली असे बापानें, पाहिलेली असे कॅप्टनानें, आणि दिवस संपल्यावर ती जाई बापाच्याच छपराखालीं. एकटा दुकानांत जाऊन खिशांत मावणारें पिस्तूल घेणारा, कोणास जाब न देणारा तरुण त्या कायद्याच्या कल्पनेंतहि नव्हता. सक्तीवरून हक्क काढणारांनीं त्याच न्यायानें हजिरी, तपासणी व नोंदहि पत्करली पाहिजे. पण त्याचें नांव कोणी काढीत नाहीं.

या जुन्या दप्तराला दुसरीहि एक काळी बाजू आहे. १७९२ च्या कायद्यांतील ‘स्वतंत्र’ व ‘गोरा’ हे दोन शब्द कोणास बाहेर ठेवीत होते तें सांगावयास नको. कृष्णवर्णीयांस मिलिशियांत येऊं देणारा कायदा १८६२ सालीं, यादवी युद्धाच्या निकडीपायीं झाला, आणि युद्ध संपतांच १८६५ सालीं मिसिसिपी राज्यानें मुक्त झालेल्या गुलामांस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली. व्हर्जिनियानें १७५६ सालीं कॅथॉलिकांचीं हत्यारें काढून घेण्याचा कायदा केला होता. पेनसिल्व्हेनियानें १७७७ सालीं राजनिष्ठेऐवजीं नव्या राज्याशीं निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांस निःशस्त्र केलें. आज एखाद्या घातक मनुष्याच्या हातून बंदूक काढून घ्यावयाची तर ब्रूएनच्या कसोटीनें सरकारी वकिलास असल्या अन्यायांचेच दाखले आधारास घ्यावे लागतात. उलट बायकोस मारहाण करणाऱ्या नवऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा १७९१ च्या आसपास कोठून सांपडणार? ज्या काळीं घरांतील मारझोड न्यायालयाच्या पायरीपर्यंत क्वचितच येई, त्या काळच्या कायद्यांत तिच्यावरचा उपाय नाहीं, यांत नवल नाहीं. पण नेमक्या याच कारणासाठीं पांचव्या विभागानें २०२३ सालीं, घरगुती हिंसेबद्दल न्यायालयाचा मनाईहुकूम झालेल्यांस बंदूक बाळगूं न देणारा १९९४ चा केंद्रीय नियम रद्द ठरविला होता.

२१ जून २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रहीमी खटल्यांत तो निर्णय आठ विरुद्ध एक मतांनीं फिरविला. मुख्य न्यायमूर्ति रॉबर्ट्स यांनीं सांगितलें कीं, जुना कायदा हुबेहूब जुळावा असा आग्रह नाहीं. त्यामागील तत्त्व जुळलें म्हणजे झालें. शांतता मोडील अशी धास्ती असलेल्या माणसाकडून जामीन घेण्याचे व शस्त्रें मिरवून दहशत घालणाऱ्यास शिक्षा करण्याचे जुने नियम त्यांनीं आधारास घेतले. एकटे विरोधी मत देणारे न्यायमूर्ति तेच, ब्रूएनची कसोटी लिहिणारे थॉमस. तत्त्व किती उंचीवरून पाहावयाचें याचें माप मात्र न्यायालयानें सांगितलें नाहीं, आणि म्हणूनच वर्षभराच्या आंत अठरा वर्षांच्या मुलाविषयीं एकाच कागदावरून चार अपील न्यायालयांचीं दोन मतें झालीं. १७९२ च्या कॅप्टनास हा प्रश्न पडला नसता. पटावर नांव आहे कीं नाहीं, बंदूक चालते कीं नाहीं, आणि पेटींत चोवीस काडतुसें भरतात कीं नाहीं, एवढें पाहून तो पुढच्या माणसाकडे वळला असता.